अपंगत्वाचा दावा : वकील कसा निवडावा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपले वाडवडील सांगत आले. जमिनीच्या बांधावरून वर्षानुवर्षे तारखा घालणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण कारखान्यात प्रेसखाली ज्याचा पंजा गेला किंवा महामार्गावरच्या अपघातात ज्याचा पाय कापावा लागला, त्याच्यापुढे दुसरा रस्ता उरत नाही. त्याला ही पायरी चढावीच लागते. तेव्हा निदान सोबत कोणाला न्यावे, एवढे तरी त्याला नीट कळले पाहिजे.

आरोग्याच्या सदरात वकिलाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे कारण सरळ आहे. जखम भरून येणे हा उपचाराचा अर्धा भाग झाला. त्यापुढे कृत्रिम हात बसवणे, व्यायामोपचार, औषधे आणि घरखर्च हे सारे पैशावाचून होत नाही. भरपाई वेळेवर व पुरेशी मिळाली तर माणूस पुन्हा उभा राहतो. ती बुडाली तर कर्जाच्या ओझ्याने आणि काळजीने प्रकृती आणखी ढासळते. शिवाय दाव्याचा पाया म्हणजे डॉक्टरांचे कागद. ते कसे वापरायचे हे वकिलाला कळत नसेल, तर चांगल्या उपचारांनंतरही पदरी निराशा येते.

पवनानगर आणि एकूणच पवन मावळाला हा प्रश्न जवळचा आहे. पवना धरणात अनेक कुटुंबांच्या जमिनी गेल्या. पुढच्या पिढीतील तरुण तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवडकडच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत कामाला लागले. कोणी टेम्पो चालवतो, कोणी बांधकामावर जातो. पुणे-मुंबई रस्त्यावरची रहदारी तर सर्वांच्याच परिचयाची आहे. अपघात कोणावरही येऊ शकतो आणि त्या गडबडीत घरच्यांना वकील शोधण्याचे भान राहत नाही. म्हणून ही माहिती आधीच वाचून ठेवलेली बरी.

आधी दार ओळखा

अपंगत्वाचे लाभ एकाच कचेरीतून मिळत नाहीत. आपले प्रकरण कोणत्या दाराचे आहे हे समजले, की वकील लागतो का आणि कोणता लागतो, याचे उत्तर आपोआप मिळते.

१) सरकारी मदत : अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड सरकारी रुग्णालयाच्या तपासणीनंतर मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. गरीब कुटुंबातील दिव्यांगांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा मदत मिळते. या योजनेचा अर्ज तहसील कचेरीकडे, म्हणजे मावळवासीयांनी वडगावला करायचा असतो. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम दीड हजारावरून अडीच हजार रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. या कामांसाठी वकिलाची मुळीच गरज नाही. ‘दाखला काढून देतो, पाच हजार द्या’ असे कोणी म्हटले, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. दाखला नाकारला गेला तर कायद्यात अपिलाची सोय आहे. दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालयही पुण्यातच आहे आणि तेथे साध्या अर्जाने तक्रार करता येते.

२) ईएसआय : पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जात असेल, तर कामावरील अपघाताचा लाभ ईएसआयकडूनच मिळतो. कायमचे अपंगत्व आले तर वैद्यकीय मंडळ तपासणी करून कमाईची क्षमता किती घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात हयातभर दरमहा रक्कम मिळते. क्षमता पूर्ण गेली असेल तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के दराने रक्कम मिळते. येथेही सुरुवातीला वकील लागत नाही. मालकाने अपघाताचा अहवाल पाठवला की नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. मंडळाने ठरवलेली टक्केवारी मान्य नसेल, तर अपील करण्यासाठी वकिलाचा सल्ला घ्यावा. कारखाना योजनेत येत असूनही मालकाने हप्ते भरले नसतील, तर तेवढ्यावरून कामगाराचा हक्क जात नाही.

३) मालकाकडून भरपाई : जेथे ईएसआय लागू नाही, तेथे भरपाई मालकाने द्यायची असते. १९२३ पासून यासाठी वेगळा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्यात आला. आपला अपघात या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे. ठेकेदार हात वर करून निघून गेला, तरी ज्याच्या कामावर अपघात झाला त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता येते. येथे वकील हवाच आणि तोही कामगार न्यायालयात नेहमी काम करणारा हवा.

४) रस्त्यावरील अपघात : यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असते. अपघात जेथे झाला तेथे किंवा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणाकडेही दावा करता येतो. येथेही वकील आवश्यक आहे. ड्रायव्हर कामावर असतानाच अपघात झाला असेल, तर तिसरे किंवा चौथे यांपैकी एकच दार निवडावे लागते, दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. कोणते दार फायद्याचे, हे सांगता येणे ही वकिलाची पहिली परीक्षा समजावी.

जाता जाता एस.टी. किंवा इतर सरकारी आस्थापनांतील नोकरदारांसाठी एक सांगायचे आहे. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यावे लागते. घाईघाईने राजीनामा लिहून देऊ नये.

शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के

आता या विषयाचा गाभा पाहू. डॉक्टर दाखल्यावर जे टक्के लिहितात ते शरीराच्या अपंगत्वाचे असतात. भरपाई मात्र कमाईची क्षमता किती गेली यावर ठरते. हे दोन आकडे एकच असतील असे नाही. हा फरक ज्या वकिलाला समजतो आणि न्यायालयाला समजावून देता येतो, तोच अपंगत्वाच्या दाव्याचा वकील.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये निकाल दिलेले प्रतापनारायण सिंह देव यांचे प्रकरण याबाबत प्रसिद्ध आहे. एका सिनेमागृहात सजावटीचे काम करताना एक सुतार १९६८ मध्ये खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपरापासून कापावा लागला. दुसरा हात शाबूत आहे, तेव्हा अपंगत्व अर्धवटच धरावे, असे मालकाचे म्हणणे होते. पण सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असे धरले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. पुढे २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यात याच न्यायालयाने हा विचार आणखी स्पष्ट केला. डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून यांचे शारीरिक अपंगत्व सारखेच असते. पहिल्याची रोजीरोटी जाते, दुसऱ्याची नोकरी टिकू शकते.

याचा रुपयांत काय अर्थ होतो ते पाहा. समजा, ३० वर्षांच्या एका कामगाराचा उजवा पंजा २०२४ मध्ये मशीनमध्ये गेला आणि त्याला ईएसआय लागू नव्हते. हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरायचे, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये ठरवले होते. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. ३० वर्षे वयासाठी कोष्टकातील गुणक २०७.९८ आहे. गुणाकार होतो १८,७१,८२० रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई झाली. एक पंजा गेल्यास कोष्टकात ६० टक्के धरले आहेत. त्या हिशेबाने रक्कम होते ११,२३,०९२ रुपये. दोन्हींमध्ये सुमारे साडेसात लाखांचा फरक आहे. या माणसाला दोन हातांवाचून आपले काम करताच येत नाही, हे पुराव्याने दाखवले तर फरकाची रक्कम मागता येते. ती मिळेलच असे नाही. पण वकिलाने ती मागितलीच नाही, तर मिळण्याचा प्रश्नच उरत नाही.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

वकिलाकडे जाताना घरातील एक समजदार माणूस बरोबर न्यावा. प्रश्न विचारायला संकोच करू नये. डॉक्टरांना आपण विचारतोच की, ऑपरेशन किती वेळा केले, धोका किती, खर्च किती. तसेच येथेही विचारावे.

- अशा प्रकारचे दावे आपण कोणत्या न्यायालयात चालवता? सध्या किती चालू आहेत?
- माझ्या प्रकरणाला कोणता कायदा लागतो आणि मुदत कधी संपते?
- माझे कमाईचे नुकसान किती टक्के मागणार आणि ते कशाच्या आधारे?
- ज्या डॉक्टरांनी उपचार केले किंवा दाखला दिला, त्यांची साक्ष घेणार का?
- कामकाजाला आपण स्वतः उभे राहणार की कनिष्ठ वकील?
- फी किती, टप्प्याटप्प्याने कशी द्यायची आणि पावती मिळेल ना?

उत्तरांपेक्षाही वकील काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. ‘तुम्ही कोणते काम करत होता, त्याला कोणता हात लागायचा, शिक्षण किती, आता काय जमते’ असे तो खोदून विचारत असेल, तर माणूस योग्य आहे. दाखल्यावरचे टक्के पाहून दोन मिनिटांत ‘अमुक लाख काढून देतो’ असे म्हणत असेल, तर दुसरीकडे चौकशी करावी. निकालाची खात्री प्रामाणिक वकील देत नाही. रोग हमखास बरा करतो म्हणणाऱ्या वैदूसारखेच हे समजावे.

चौकशीची उत्तम जागा म्हणजे न्यायालयच. ज्यांचे असे दावे पूर्वी निकाली निघाले त्या गावकऱ्यांना विचारावे. कामगार संघटना असेल तर तिच्या पदाधिकाऱ्यांना विचारावे. एक दिवस मोडून न्यायालयात जाऊन बसावे आणि कोण तयारी करून येतो, कोण नुसती तारीख मागतो, ते डोळ्यांनी पाहावे. जमिनीच्या दाव्यात नावाजलेले वकील या कामात तितकेच वाकबगार असतील असे नाही. डोळ्यांच्या विकारासाठी आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जात नाही, तसेच हेही आहे.

टक्केवारी आणि दलाल

रुग्णालयाच्या खाटेपाशी एखादा गोड बोलणारा इसम येतो. ‘आमचे वकीलसाहेब एक पैसाही घेणार नाहीत, निकाल लागल्यावर तीस टक्के द्या,’ असे सांगतो. खिशात पैसा नसलेल्या माणसाला हे बोलणे देवदूताचे वाटते. पण भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवण्यास किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास वकिलाला मनाई आहे. दलालांमार्फत पक्षकार गोळा करण्यासही मनाई आहे. अमेरिकेत टक्केवारीवर दावे चालतात, आपल्याकडे तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो. जो वकील पहिल्याच पायरीवर नियम मोडतो, तो पुढे आपल्याशी सचोटीने वागेल असे कशावरून मानायचे?

भरपाईची रक्कम दावेदाराच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी, असा आग्रह धरावा. पासबुक, एटीएम कार्ड किंवा सह्या केलेले कोरे धनादेश कोणाच्याही हवाली करू नयेत. मालकाचा माणूस पन्नास हजार घेऊन घरी आला आणि ‘येथे सही करा, पुढे काही मागणार नाही’ म्हणाला, तर सही करू नये. हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्याने निरर्थक आहे. तरी तो निरर्थक ठरवून घेण्यात वर्षे जातात. तडजोड करायचीच तर ती न्यायालयापुढे, रीतसर नोंद करून करावी.

पैसा नसेल तर?

फी परवडत नाही म्हणून दावा सोडण्याची गरज नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा असून ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आहे. अपंग व्यक्ती, स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले, तरी या कायद्याने मोफत वकील मिळतो. न्यायालयीन खर्चही त्यातच येतो. मावळातील वाचकांनी वडगाव येथील न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरण आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही माहिती मिळते. मोफत वकील मिळाला तरी वरील सर्व प्रश्न त्यालाही विचारावेत. तो आपला हक्क आहे.

मुदत आणि कागद

मालकाविरुद्धचा भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. मोटार अपघाताच्या दाव्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आली आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. म्हणून उशीर झालेल्यांनी स्वतःच निराश होऊन घरी बसू नये, वकिलाला विचारावे. बाकीच्यांनी मात्र सहा महिने हीच शेवटची तारीख समजावी. ‘जखम पूर्ण बरी होऊ दे, मग पाहू’ असे म्हणत पुष्कळ जण मुदत घालवतात. कायमच्या अपंगत्वाचा दाखला उपचार संपल्यावर मिळतो, हे खरे आहे. पण वकिलाला भेटायला दाखल्याची वाट पाहावी लागत नाही.

पुढील कागद एका पिशवीत जपून ठेवावेत : रुग्णालयात दाखल केल्याचा व घरी सोडल्याचा कागद, एक्स-रे, औषधांची बिले, पोलिसांचा पंचनामा व फिर्याद, हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी किंवा बँकेतील पगाराच्या नोंदी, वयाचा पुरावा, ईएसआयचे कार्ड. रुग्णालयात नोंद करताना अपघात कामावर, मशीनमध्ये झाला हे स्पष्ट सांगावे. ‘घरी पडला’ असे लिहून घेण्याचा आग्रह कोणी केला तर मानू नये. त्या एका ओळीवर पुढे सारा दावा फिरतो. वकिलाला शक्यतो झेरॉक्स प्रती द्याव्यात. मूळ कागद द्यावे लागले तर यादी करून पोच घ्यावी.

वकीलपत्र वाचून, समजून सही करावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. दावा दाखल झाला की त्याचा क्रमांक मागून घ्यावा. न्यायालयीन प्रकरणाला सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक असतो. तो असेल तर मोबाईलवरही पुढची तारीख व झालेले काम पाहता येते. घरातील शाळकरी मूलसुद्धा ते पाहून सांगू शकेल.

वकील बदलता येतो

तारखांना कोणी हजर राहत नाही, फोन घेत नाहीत, पैशाची पावती देत नाहीत, असे वारंवार होत असेल तर वकील बदलता येतो. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे लेखी करता येते. ग्राहक मंचाकडे मात्र जाऊन उपयोग नाही. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणूनच निवड करतानाच डोळे उघडे ठेवणे महत्त्वाचे आहे. तसेच उगाच दर सहा महिन्यांनी वकील बदलू नये. डॉक्टर बदलत राहणाऱ्या रोग्याचे जे होते, तेच अशा दाव्याचेही होते.

थोडक्यात, सरकारी मदतीसाठी वकील शोधू नका, मालकाविरुद्धच्या आणि मोटार अपघाताच्या दाव्यासाठी त्याच कामातला वकील शोधा, टक्केवारीवर ठरवू नका आणि मुदत चुकवू नका. गेलेला हात कोणताही निकाल परत देत नाही. पण त्या हाताने घर कसे चालवले होते, हे न्यायालयापुढे नीट मांडले गेले, तर मुलांची शाळा सुटत नाही आणि घरची चूलही पेटती राहते. असा वकील शोधण्यासाठी आठवडा गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.